मे महिन्याची गाडी जानेवारीत तपासा

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात गाडीला हिवाळी टायर लावणं कायद्यानं सक्तीचं आहे. तिकडे राहणारे आपले नातेवाईक थंडी जवळ आली की गॅरेजमधून चाकांचा दुसरा संच बाहेर काढतात. त्यांचं ऐकून आणि परदेशी व्हिडिओ पाहून चंद्रपूर-गडचिरोलीतल्या काही हौशी मालकांनाही आपल्या दमदार एसयूव्हीला ‘विंटर टायर’ हवेसे वाटू लागलेत. सरळ सांगतो, नकोत. ७ अंशांच्या खालीही लवचीक राहावं म्हणून त्या टायरचं रबर मुद्दाम मऊ केलेलं असतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा २८-३० वर जातो. अशा रस्त्यावर ते रबर भराभर झिजतं, आणि मार्च लागला की गाडीची पकडही सैल पडते.

तरीही चाकं आणि रेडिएटर यांच्याकडे बघायचा आपला मोसम हिवाळाच आहे. या दोन जिल्ह्यांत थंडी गाडीला त्रास देत नाही, ती गाडीची दुखणी झाकते. हिशेब करून बघा. इंजिनातून येणारं कूलंट ९५ अंशांवर आहे असं धरू. जानेवारीच्या दुपारी बाहेरची हवा २८ अंश, म्हणजे फरक ६७ अंशांचा. मे महिन्यात चंद्रपूरची हवा ४७ अंशांवर गेली की फरक उरतो ४८. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती या फरकाच्या प्रमाणात. रेडिएटर तोच, पंखा तोच, वेगही तोच, पण मेमध्ये त्याची ताकद जानेवारीच्या सुमारे सत्तर टक्क्यांवर येते. म्हणून ज्याच्या पाव जाळ्या बुजल्यात असा रेडिएटर जानेवारीत हूं की चूं करत नाही, आणि मेच्या भर दुपारी राजुरा रस्त्यावर, कोळशाच्या ट्रकांमागे रांगेत असताना, एसी चालू असताना दगा देतो. तेव्हा गॅरेजात गर्दी असते, सुटे भाग नागपूरहून यायचे असतात आणि मिस्त्रीही घाईत असतो. जानेवारीत यांतलं काही आड येत नाही.

चाकं आधी

दमदार एसयूव्हींची चाकं दर नव्या मॉडेलला मोठी होत चाललीत आणि टायर मात्र पातळ. पोर्शे कायेनच्या २१ इंची चाकांचं एक प्रचलित माप घ्या: पुढे २८५/४० आर २१, मागे ३१५/३५ आर २१. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये पुढे ११४ आणि मागे ११० मिलिमीटर रबर आहे, बस. पुढची-मागची मापं वेगळी असल्यामुळे चाकांची पुढे-मागे अदलाबदल नाही आणि एकच स्टेपनी चारही जागी चालत नाही. अशा बऱ्याच गाड्यांत पूर्ण मापाची स्टेपनी नसतेच. पंक्चर बुजवायचं रसायन आणि छोटा कंप्रेसर एवढंच हाती दिलेलं असतं. ते रसायन ट्रेडमध्ये घुसलेल्या खिळ्याचं भोक बुजवतं. साइडवॉल फाटली तर त्याचा काही उपयोग नाही.

आणि आपल्या भागात धोका साइडवॉललाच जास्त. बांबू तोडल्यावर जमिनीलगत उरणारे तिरपे, धारदार खुंट, पांदण रस्त्यावरची पऱ्हाटीची आणि तुरीची खुंटं, डांबराची तुटकी कड, मुरमातून डोकं काढलेले गोटे, हे सगळं टायरला बाजूनं लागतं. सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी आष्टी-आलापल्ली रस्त्याची काय दशा केली ती जिल्ह्यानं पाहिली आहे. तसल्या खड्ड्यात ११० मिलिमीटरची साइडवॉल रिम आणि दगड यांच्यात चेपली जाते आणि आतले धागे तुटतात. काही दिवसांनी तिथे अंड्याएवढा फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. कुणी करून देतो म्हणाला तरी करू नका.

उपाय परदेशातल्यासारखाच आहे, कारण तेवढं वेगळं. चाकांचा दुसरा संच ठेवा, पण बर्फासाठी नाही, जंगलासाठी: रिम एक इंचानं लहान आणि साइडवॉल त्या मानानं उंच. चाकाचा एकूण व्यास मात्र जवळपास तोच राहिला पाहिजे. टोयोटा फॉर्च्युनरमध्ये हे फार सोपं आहे. फोर-बाय-फोरला २६५/६० आर १८ येतं, त्याचा व्यास ७७५ मिलिमीटर. त्याच पिढीच्या टू-व्हील-ड्राइव्ह गाडीला २६५/६५ आर १७ येतं, त्याचा व्यास ७७६. स्पीडोमीटरला फरक कळतही नाही, आणि साइडवॉल १५९ ची १७२ मिलिमीटर होते. स्कॉर्पिओ-एनमध्ये २५५/६० आर १८ वरून २४५/६५ आर १७ वर आलात तर व्यास पावणेदोन टक्क्यांनी घटतो, तेही चालण्यासारखं आहे. दोन्ही मापं कंपनीचीच असल्यामुळे विमा आणि आरटीओ यांचीही कटकट उरत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मापाबाहेरचे बदल करण्यावर बंधन घालतं, हे फार रुंद टायर आणि स्पेसर लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. रिम लहान करताना ब्रेकचा कॅलिपर आत मावतो का, हे चाक प्रत्यक्ष बसवून, हातानं फिरवून बघा. मोठ्या ब्रेकच्या गाड्यांत ते एका इंचानंही अडतं.

बाजारातून अलॉय घेताना दुकानदार नटांची संख्या विचारतो आणि गप्प बसतो. तेवढ्यानं भागत नाही. नटांच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी, रिम आत-बाहेर किती बसते ते सांगणारा ऑफसेट आणि मधल्या भोकाचं माप, ही तिन्ही जुळली पाहिजेत. फॉर्च्युनरला १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर ६ नट असतात, तर थारला तेवढ्याच वर्तुळावर ५. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यभागी राहतं आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. मग लोक तीन-तीनदा बॅलन्सिंग करून घेतात आणि टायरला दोष देतात. अशा वेळी योग्य मापाची हब रिंग बसवली की काम होतं. नटाची बैठकही बघा. काही रिमना निमुळत्या टोकाचा नट लागतो, काहींना सपाट वॉशरचा, आणि बऱ्याच जर्मन गाड्यांना नट नसून गोल बैठकीचे बोल्ट असतात. बैठक चुकली तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि शंभर किलोमीटरमध्ये सैल होतो.

पावसाळ्यानंतर चाक काढलंच आहे तर हबचा चेहरा तारेच्या ब्रशनं साफ करून घ्या. पर्लकोटाला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद होतो त्या दिवसांत ज्या गाड्या पाण्यातून गेल्या, त्यांच्या हबवर गंजाचा थर हमखास असतो. त्या थरावर बसवलेलं चाक सरळ बसत नाही. नट आधी हातानं लावायचे, मग समोरासमोरचे घेत आवळायचे आणि शेवटी टॉर्क पान्यानं मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणायचे. हवेच्या गननं शेवटपर्यंत आवळू देऊ नका. त्यात कधी स्टड ताणला जातो, तर कधी ब्रेकची डिस्क वाकडी आवळली जाते. आणि रस्त्यात पंक्चर झालं तर घरच्या टॉमीनं तो नट तुम्हाला सुटत नाही. आट्यांना ग्रीस लावायची पद्धत आपल्याकडे फार आहे, ती सोडा. ग्रीसमुळे त्याच टॉर्कला स्टडवर कितीतरी जास्त ताण येतो. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर एकदा पुन्हा टॉर्क तपासा.

टायर कोणते? मातीतले मड टायर घेऊ नका. वर्षातले थोडे दिवस चिखल आणि बाकी सगळा काळ चंद्रपूर-नागपूरचा तापलेला रस्ता, त्यावर ते गुरगुरतात आणि लवकर संपतात. मजबूत साइडवॉलचे ऑल-टेरेन या भागाला शोभतात. वजनाचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नको, उदाहरणार्थ ११० म्हणजे एका टायरवर १०६० किलो. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात: ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. ‘ऑफर’मधला टायर घेताना आधी हे आकडे वाचा. फुल-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर चारही टायर कंपनीनं त्या त्या जागेसाठी दिलेल्या मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवा. नाहीतर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरू पाहतात आणि तो ताण मधल्या डिफरेन्शिअलवर बसतो.

काही जण रुबाबासाठी मूळ मापापेक्षा दोन-तीन इंचांनी उंच टायर चढवतात. त्याचा रेडिएटरशी काय संबंध, असं वाटेल. चाक उंच झालं की तोच गिअर लांब पडतो, इंजिनला तेच काम कमी फेऱ्यांत आणि जास्त जोर लावून करावं लागतं. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर जास्त घसरतो आणि गिअरबॉक्सचं तेल तापतं. त्या तेलाचा कूलर बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्याच पोटात किंवा त्याच्या पुढ्यात असतो. म्हणजे टायरवाल्याकडे केलेल्या हौसेची किंमत मेमध्ये रेडिएटर मोजतो.

हवेबद्दल थोडक्यात. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयनं उतरतो. दुपारी ३० अंशांत ३३ भरलेली हवा, पहाटे ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पोचता तेव्हा थंडीमुळे ३० झालेली असते. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागतो तो यामुळे. पंक्चर म्हणून घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. दाब नेहमी सकाळी, गाडी उभी असताना बघा आणि महिन्यातून एकदा तरी बघा. उन्हाळ्यात उलटं होतं. गाडी पळून आल्यावर वाढलेला दाब पाहून पंक्चरवाला हवा सोडतो, तसं करू देऊ नका. नायट्रोजन भरला तरी हे गणित बदलत नाही.

रेडिएटरच्या पुढ्यात काय अडकलंय

ऑक्टोबर ते जानेवारी हा कुसळांचा आणि कापसाचा काळ. वरोरा, राजुरा, कोरपना पट्ट्यात वेचणी चालू असते, गाड्या भरभरून कापूस जातो आणि रस्त्याकडेच्या झुडपांवर त्याचे पुंजके लोंबतात. जंगलाच्या रस्त्यावर मधल्या पट्ट्यातलं वाळलेलं गवत बंपरखालून घासत जातं आणि त्याची कुसळं जाळीत घुसतात. त्यावर घुग्घूसकडचा कोळशाचा फुफाटा आणि औष्णिक केंद्राकडची राख बसते. तीन-चार महिन्यांत या सगळ्याचा एक नमद्यासारखा थर बनतो, रेडिएटरनं गोधडी पांघरावी तसा. गंमत अशी की समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही. आजच्या गाडीत सर्वांत पुढे एसीचा कंडेन्सर असतो, टर्बो गाडीत इंटरकूलर, आणि रेडिएटर मागे. कचरा या जाळ्यांच्या मधल्या फटीत जमतो. म्हणून मिस्त्रीला बंपर किंवा वरचं प्लास्टिकचं कव्हर काढायला लावा आणि टॉर्च मारून दोन जाळ्यांच्या मध्ये बघा.

सफाई आतून बाहेर करायची, म्हणजे इंजिनाच्या बाजूनं बंपरकडे, कचरा आला त्याच वाटेनं परत. साध्या नळाचं पाणी किंवा बेताची हवा पुरते. कार वॉशच्या जोराच्या फवाऱ्यानं अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आडव्या पडतात आणि मग हवा कायमचीच अडते. कापसाच्या दिवसांत बंपरच्या आत जाळी लावायची युक्ती चांगली आहे. मात्र जाळी मोठ्या छिद्रांची हवी, मच्छरदाणीची नको, आणि दर आठवड्याला झटकली पाहिजे. पुढे लोखंडी गार्ड आणि त्यावर चार दिव्यांची माळ असेल तर तीही हवा अडवते. तसल्या क्रॅश गार्डविरुद्ध रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं.

आता आतलं पाणी. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?’ हा प्रश्न अजूनही ऐकू येतो. गोठण्यापासून बचाव हे कूलंटचं अर्धंच काम. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं ग्लायकॉल घातलेलं मिश्रण उघड्या भांड्यात १०७ च्या आसपास उकळतं, आणि रेडिएटरच्या झाकणानं सुमारे एक बार दाब धरला की तीच मर्यादा १२५ च्याही पुढे जाते. टर्बो इंजिनात काही कोपरे फार तापतात, तिथे हा फरक सिलिंडर हेड वाचवतो. दुसरं काम गंज थांबवण्याचं. कोरपना-गडचांदूर भागात ज्या चुनखडकावर सिमेंटचे कारखाने उभे राहिले, तोच चुनखडक तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतो. ते पाणी तापलं की चहाच्या भांड्यात बसतो तसा पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि तिथून तो निघत नाही. डिस्टिल्ड पाणीच वापरा, नाहीतर तयार मिसळलेलं कूलंट घ्या. जास्त ग्लायकॉल घातलं तर जास्त थंड राहील हाही गैरसमज आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस असतं, त्यामुळे निम्म्या-निम्म्याच्या फार पुढे गेलात तर गाडी उलट जास्त तापते.

कूलंटच्या रंगावर भरवसा ठेवू नका. हिरवं, गुलाबी, केशरी हे रंग कंपनी आपल्या मर्जीनं देते. आत सिलिकेटचं रसायन आहे की सेंद्रिय आम्लाचं, हे डब्यावर वाचावं लागतं. दोन जाती मिसळल्या तर काही वेळा गाळ धरतो आणि हीटरची बारीक जाळी आधी बुजते. आधी काय भरलंय ते ठाऊक नसेल, आणि जुन्या घेतलेल्या गाडीत ते ठाऊक नसतंच, तर पूर्ण काढून, डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन नवं भरा. भरताना हवा काढणं महत्त्वाचं. दमदार पेट्रोल टर्बो गाड्यांत इंजिनाचा एक आणि इंटरकूलरचा दुसरा अशी दोन वेगळी वर्तुळं असू शकतात, शिवाय इंजिन बंद केल्यावरही टर्बोला थंड करत राहणारा विजेवरचा छोटा पंप असतो. अशा गाडीचं कूलंट फक्त वरून ओतून भागत नाही. निर्वात करून भरायचं यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जा.

झाकण स्वस्त असतं म्हणून कुणी बघत नाही. त्याच्या रबरी रिंगला चीर गेली तर दाब धरत नाही आणि उकळण्याची मर्यादा खाली येते. रात्री गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाइप आत ओढल्यासारखा चपटा झाला असेल तर झाकणातली उलटी झडप अडकली आहे. पाइप दाबून बघा. टणक, चिरा गेलेला किंवा फार लिबलिबीत असेल तर बदला. वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटचा रंगीत डाग दिसला तर पंपाचं सील चाललंय. ज्या गाड्यांत इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा व्हिस्कस पंखा आहे, तिथे इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हातानं फिरवा. थोडा जड लागला पाहिजे. झटक्यासरशी गरगर फिरत राहिला तर त्याचं तेल संपलं.

स्वस्तात मिळाली म्हणून जुनी आलिशान एसयूव्ही घेणाऱ्यांनी प्लास्टिककडे बघावं. पोर्शे कायेनच्या पहिल्या पिढीत, २००३ ते २००६ च्या व्ही-८ इंजिनांवर, कूलंटच्या काही नळ्या प्लास्टिकच्या होत्या आणि त्या सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोलगट, सर्वांत तापणाऱ्या जागेतून जात. काही वर्षांनी त्या ठिसूळ होऊन फुटू लागल्या आणि त्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या बसवणं हाच रूढ उपाय झाला. गाडी कुठलीही असो, दहा वर्षांच्या पुढची असेल तर प्लास्टिकच्या टी, नळ्या आणि रेडिएटरच्या टाक्या आधी तपासा.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मात्र कुणी कितीही आपुलकीनं दिला तरी ऐकू नका. तो साधारण ८० ते ९० अंशांदरम्यान उघडतो. तो नसेल तर जानेवारीच्या पहाटे इंजिन तापायलाच वेळ लागतो, डिझेल जास्त जळतं आणि तेलात ओल राहते. त्याहून वाईट म्हणजे बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास उघडाच राहतो आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरतं. गाडी थंड राहावी म्हणून केलेल्या या जुगाडानं ती मेमध्ये तापते.

आलापल्लीच्या पुढे गाडी तापली तर

डॅशबोर्डवरचा काटा फार उशिरा बोलतो. बहुतेक गाड्यांत तो मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. सिरोंचा किंवा भामरागडकडे नेहमी जाणाऱ्यांनी गाडीच्या संगणकाला जोडायचा ओबीडीचा छोटा रीडर लावून खरा आकडा बघायची सवय करावी. नेहमी ९२-९५ दाखवणारी गाडी त्याच चढावर १०३ दाखवू लागली तर काही तरी बिघडतंय. एसी स्वतःहून थंड करणं थांबवतो, तीही एक खूण. इंजिन वाचवायला संगणकानं तो बंद केलेला असतो.

आकडा चढू लागला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. घाम फुटेल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. वाफ दिसत नसेल तर सावलीत थांबून न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं जास्त फेऱ्यांवर चालू ठेवा. वाफ दिसली, गोडसर वास आला किंवा काटा चढता चढता अचानक खाली आला, तर तत्काळ बंद करा. काटा खाली येण्याचा अर्थ गाडी थंड झाली असा नाही. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला, म्हणून तो चुकीचं सांगतोय. वरचा होज पाइप मुठीत धरवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. नंतर सोबतचं डिस्टिल्ड पाणी इंजिन चालू ठेवून हळूहळू घाला. अगदीच अडलं तर पिण्याच्या बाटलीतलं चालेल, नाल्यातलं गाळाचं नको. आणि गावात पोचल्यावर ते सगळं काढून नवं कूलंट भरून घ्या.

काढलेल्या जुन्या कूलंटची जबाबदारी तुमची. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि जहाल विषारी. अंगणात सांडलेलं कुत्रा चाटतो, गोठ्याजवळ ओतलेलं गाय चाटते, आणि ताडोबाच्या बफरमध्ये नाल्याकाठी ओतलं तर तिथे पाणी प्यायला कोण कोण येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. झाकणाच्या डब्यात भरून ते सर्व्हिस सेंटरच्या टाकाऊ तेलाच्या जागी द्या, सांडलेल्या जागी माती टाकून ती खरवडून उचला. जनावरानं चाटल्याचा नुसता संशय आला तरी लगेच पशुवैद्यकाकडे न्या. ते जनावर पहिल्यांदा झिंगल्यासारखं करतं, मग काही तास बरं वाटतं, आणि त्याच तासांत त्याची मूत्रपिंडं निकामी होत असतात.